बीप वाजली का?

फर्स्ट इयरच्या व्हायवाला एक प्रश्न हमखास असतो : "कॉम्प्युटरचे मुख्य भाग सांगा." उत्तर सगळ्यांना पाठ असतं. इनपुट, आउटपुट, मेमरी, सीपीयू. चार चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण. मीही ते फडाफडा सांगून मार्क घेतले होते. त्या बाणांचा अर्थ मात्र २००३ साली, सेकंड इयरला, शीवच्या हॉस्टेलवर रात्री दोन वाजता एका ढिम्म डब्यासमोर बसल्यावर कळला.

रूममध्ये आम्ही चौघे. लॅबमध्ये मशीनसाठी नंबर लावावा लागायचा, म्हणून स्वतःचं मशीन असेंबल करायचं ठरलं. काँट्री प्रत्येकी पाच हजार. माझे पाच हजार आईने भिशी लागल्यावर पाठवले होते आणि फोनवर बजावलं होतं, "नीट बघून घे रे बाबा, परत मागू नकोस."

खरेदीला अर्थातच लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावाने विचाराल तर दुकानदारही क्षणभर थांबेल. शीवहून स्लो गाडीने दादर, पूल ओलांडून वेस्टर्न, ग्रँट रोडला उतरून चालत. पहिल्या शनिवारी नुसती कोटेशनं गोळा केली, दुसऱ्या शनिवारी माल घेतला : पेंटियम ४, मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क, कॅबिनेट आणि एक सेकंडहँड पंधरा इंची मॉनिटर. येताना टॅक्सी करावीच लागली. (रिक्षा शीवच्या दक्षिणेला येत नाही. शीव म्हणजे हद्द, गावाने नाव राखलंय म्हणायचं.) मॉनिटर मांडीवर घेऊन बसलेल्या साताऱ्याच्या पार्टनरचे पाय शीव येईपर्यंत बधिर झाले.

जोडणी तशी सोपी असते. बहुतेक कनेक्टर एकाच बाजूने बसतात, जोर लावावा लागला तर समजायचं आपण चुकतोय. त्या काळी हार्ड डिस्कच्या चपट्या केबलची लाल कड एक नंबरच्या पिनकडे ठेवायची आणि जंपर मास्टरवर लावायचा. साटा आल्यापासून ती कटकट गेली. पॉवर स्विचच्या बारीक वायरी तेवढ्या मॅन्युअल बघूनच लावायच्या. दीड तासात आमचं सगळं बसलं. देवाला नारळ फोडायची गोष्टही निघाली, पण नारळ आणायला कुणी उठेना.

स्विच दाबला. पंखा अर्धा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबला, पुन्हा अर्धा. स्क्रीन काळाच.

"गेला रे बोर्ड," सातारकर म्हणाला. प्रोसेसर मी बसवला होता, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले. वीस हजार रुपये आणि आईची भिशी! मी काही न बोलता पाणी प्यायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा जळगावकराने स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला होता. तो शांतपणे म्हणाला, "सगळं काढा. एकेक लावून बघू."

इथून पुढचं नीट वाचा, कारण लेख त्यासाठीच लिहिलाय.

आधी एकटा एसएमपीएस तपासला. मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर वायरच्या तुकड्याने शेजारच्या काळ्या वायरला जोडली की तो चालू होतो; मदरबोर्ड सुरू करताना हेच करत असतो. पंखा नीट फिरला. (आता बऱ्याच एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, तेव्हा पिनांचा तक्ता बघा, अंदाजाने जोडू नका. आणि एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.)

मग मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. त्यावर फक्त प्रोसेसर, त्याचा कूलर आणि स्पीकर. रॅम मुद्दाम लावली नाही. स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं. पंखा फिरत राहिला आणि स्पीकरने लांब बोंब ठोकली. बीऽऽप, बीऽऽप.

आम्ही अक्षरशः नाचलो. का ते सांगतो. व्होल्टेज स्थिर झाले की एसएमपीएस मदरबोर्डला तसा इशारा देतो, मग प्रोसेसरचा रीसेट सुटतो. प्रोसेसर पहिली सूचना घेतो ती बायॉसच्या चिपमधून, रॅममधून नव्हे. बायॉस मेमरी शोधतो. ती सापडली नाही तर स्क्रीनपर्यंत पोचायच्या आधीच स्पीकरवर ओरडतो. म्हणजे बोंब ऐकू आली, याचा अर्थ एसएमपीएस, प्रोसेसर, बायॉस आणि त्यांच्यामधले रस्ते शाबूत होते. रॅम लावल्यावर एकच छोटी बीप आली, स्क्रीनवर अक्षरं उमटली. तोच बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला की पंखा पुन्हा अर्धाच!

मग दोष कॅबिनेटमध्ये. टॉर्च मारून पाहिलं. पत्र्यावर नऊ पितळी स्टँडऑफ होते आणि आमच्या बोर्डाला भोकं आठ. नववा स्टँडऑफ बोर्डाच्या पाठीमागच्या सोल्डरला टेकून शॉर्ट करत होता आणि एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होत होता. तो स्टँडऑफ मीच लावला होता. नऊ आले, नऊ लावले. बोर्डाची भोकं मोजायचं सुचलंच नाही. सातारकराने "सॉरी" म्हटलं नाही ते नाहीच, पण सकाळचा चहा त्याने पाजला.

कमीत कमी भागांवर मशीन जिवंत करायचं, मग एकेक वाढवायचं, ही युक्ती काही जळगावची नाही. आपल्या मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९५० च्या दशकात आर. नरसिंहन यांच्या गटाने कॉम्प्युटर बांधायला घेतला, तेव्हा त्यांनीही आधी छोटं पायलट मशीन केलं. ते १९५६ मध्ये चाललं. पूर्ण मशीन १९६० मध्ये सुरू झालं आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफरॅक' हे नाव दिलं. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. मेमरी २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. गुणाकार करा : ८१,९२० बिट, आणि एकेका बिटाला फेराइटचं एकेक कडं. म्हणजे जेमतेम १० केबी. आमची २५६ एमबीची पट्टी त्याच्या सव्वीस हजार पटींहून मोठी होती, आणि ती आम्ही शर्टाच्या खिशातून आणली होती. लॅमिंग्टन रोडवर त्यांना तयार मदरबोर्ड मिळणार नव्हता. चौकोनही त्यांनीच केले आणि बाणही.

आता हॉस्टेलवर बहुतेकांकडे लॅपटॉप असतो आणि पुष्कळ लॅपटॉपमध्ये रॅमसुद्धा बोर्डावरच सोल्डर केलेली असते. काढून बघायला काही उरत नाही. तुमचा दोष नाही, पण व्हायवाला ते चौकोन पुन्हा पाठ केलेलेच ऐकू येतात, हेही खरं.

लॅबच्या मागच्या खोलीत राइट-ऑफ केलेली काही जुनी डेस्कटॉप पडून आहेत. शनिवारी लेक्चर संपल्यावर या. हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या पत्र्याला स्पर्श करून अंगातली स्टॅटिक घालवायची. फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर स्वतःचा आणा, लॅबचा परत मिळत नाही. आणि बोर्ड बसवण्यापूर्वी भोकं मोजा.