मोजणीचे दगड

शेलू,
मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

चि. बाबू,

फोन असताना म्हातारी कागद कशाला काळे करते, असं म्हणशील. फोन तीनदा केला. दोनदा तू उचलला नाहीस, एकदा 'आत्या, मिटिंगमध्ये आहे' म्हणून ठेवलास. वाडी शिंपणाऱ्या माणसाला मिटिंग कसली, ते मला काल कळलं.

काल धाकट्या जाऊबाई भोवाळ्याच्या दत्ताची जत्रा करून आल्या. माझे गुडघे त्या डोंगराच्या पायऱ्यांचे राहिले नाहीत, म्हणून दर वर्षी त्याच प्रसाद आणतात. पेढा हातावर ठेवला, पाळण्यात बसायला किती पैसे घेतात त्यावर दोन शब्द बोलल्या आणि चपला घालता घालता म्हणाल्या, "तुमच्या माहेरी मोजणी झाली म्हणे. विहिरीपासून पाखाडीपर्यंत चुना लावलेले दगड रोवलेत." पेढा माझ्या हातात तसाच राहिला.

बाबू, मोजणी कशासाठी लावलीस?

बांधाची कुरबुर असेल तर समजू शकते. शेजाऱ्याशी आपलं त्या चिंचेवरून माझ्या दादाच्या वेळेपासून वाजतंच आहे. पण जाऊबाईंनी पिशवीतून एक गुळगुळीत पत्रकही काढून दिलं, जत्रेत वाटत होते म्हणे. पुढे आपल्याकडचा नारळ, मागे निळा समुद्र आणि त्यावर उतरंडीसारखी रचलेली पिवळी-गुलाबी घरं. चौलमध्ये इटलीचा किनारा देणार आहेत. वीस-बावीस गुंठ्यांचे तुकडे हवेत, पाण्याच्या विहिरीसह. आपली वाडी बावीस गुंठे आहे, आणि विहीर मे महिन्यातही आटत नाही. हिशेब करायला मला चष्मा लागला नाही.

इसार घेतलास का? एवढंच आधी सांग.

आणि इटलीचं म्हणशील, तर इटलीची माणसं आपल्या दारात येऊन गेलेली आहेत, तीही हे पत्रक निघायच्या पाचशे वर्षं आधी. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बोलोन्याचा वार्थेमा चौलला आला आणि इथल्या सुती कापडाबद्दल लिहून गेला. त्याच्याही आधी रशियाचा निकितिन घोडा विकायला घेऊन याच बंदरात उतरला. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचा स्तंभ आहे. आणखी मागे टॉलेमीच्या पुस्तकात आपलं गाव सापडतं. शेलूच्या शाळेची सहल मी रेवदंड्याला नेली होती. सातखणी मनोरा दाखवला. १५२१ साली पोर्तुगिजांनी इथे ठाण मांडलं, १७४० मध्ये ते मराठ्यांना देऊन गेले, हे सगळं पोरांना घडाघडा सांगितलं. मग एकाने विचारलं, "बाई, बंदर कुठेय?" मी खाडीकडे बोट केलं. तिथे गाळात दोन म्हशी बसल्या होत्या. पोरं हसली, मीही हसले. बंदर गेलं, नगर गेलं, तटाच्या आत नारळ लागले. म्हणजे चौलचं जे काही उरलं ते वाड्यांनी धरून ठेवलं, असं मला तेव्हापासून वाटतं. इतिहासाचे जाणकार याला हरकत घेतील. घेऊ देत.

पत्रकातल्या फोटोसारखं गाव माझ्या लेकीने, तुझ्या ताईने, मला एकदा टीव्हीवर लावून दाखवलं होतं. चिंक्वे तेरे, म्हणजे पाच गावं. समुद्रावर उभा कडा, त्यावर शेकडो वर्षं माणसांनी नुसते दगडावर दगड रचून बांध घातले, मातीचुना काही नाही, आणि त्या पायऱ्यांवर द्राक्षं पिकवली. मग मुलं शहरात कामाला गेली, बांध पडीक झाले. ऑक्टोबर २०११ मध्ये एका दिवसात असा पाऊस कोसळला की वेर्नाझ्झा नावाच्या गावाच्या गल्लीत पहिल्या मजल्याच्या आसपास चिखल आला. पाऊसच भयंकर होता, पण ढासळलेल्या बांधांनीही त्याला हातभार लावला म्हणतात. फोटोत ते बांध कधी येत नाहीत, नुसती घरं येतात.

बघ, शिकवायला लागले. तुझ्या पुढ्यात बसले असते तर एव्हाना तू "आत्या, चहा टाकू का" म्हणून उठला असतास.

तुझी बाजू मला दिसत नाही असं समजू नकोस. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. दुसऱ्या दिवशी तू फोनवर बोलला नाहीस, नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणालास, "आत्या, वाडीतून समुद्र दिसतोय." आपल्या वाडीतून समुद्र कधी दिसला नव्हता. दादाने लावलेल्या पोफळी एकमेकींवर काडेपेटीतल्या काड्यांसारख्या पडल्या होत्या. सरकारने हेक्टरी ५० हजार जाहीर केले. बावीस गुंठ्यांना त्यातले अकरा हजार येतात. तेवढ्यात पडलेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरीही निघत नाही, हे मला तू सांगायची गरज नव्हती. आणि तरी तू आळी केलीस, नवी रोपं लावलीस, पहिले दोन उन्हाळे त्यांना झापांची सावली दिलीस. दादा असता तर बोलला नसता, पण चार लोकांना वाडी दाखवायला घेऊन गेला असता.

म्हणून तर जीव तळमळतो. पोफळ सहा-सात वर्षांनी धरते. आता कुठे पोय दिसायची वेळ आली आणि आता मोजणी?

आता तुला न सांगितलेलं सांगते. ह्यांनी, तुझ्या काकांनी, शेलूची जमीन दर बघून विकली, असं तुम्ही सगळे समजता. ती मी विकायला लावली.

२६ जुलै २००५ ला उल्हास भातात शिरली. पाणी ओसरलं तेव्हा लावणी केलेल्या खाचरांत वीतभर रेती होती. पंधरा दिवसांनी जमीन मागायला माणूस आला. ही माणसं पाणी ओसरायची वाट बघत असतात की काय कोण जाणे. गोड बोलला, चहा घेतला, माझ्याकडे बघून म्हणाला, "बाईंना तरी आता चिखलातून सोडवा." मी पंचवीस वर्षं शाळा सुटल्यावर पदर खोचून लावणीला उभी राहिले होते. मला ते वाक्य लागलं. सहा महिने मी काकांच्या मागे भुणभुण लावली. मुलींची लग्नं, म्हातारपण, स्टेशनजवळ ब्लॉक. ते 'बघू' म्हणायचे. एक दिवस 'बरं' म्हणाले.

ब्लॉक मिळाला. नळाला पाणी कधी येतं, कधी टँकर. मी खोटं बोलणार नाही, पहिली दोन वर्षं मला फार बरं वाटलं. कोरडी फरशी, गॅलरी, खाली दुकान. पण माझं स्वयंपाकघर आहे ना, ते बरोबर आमच्या खळ्यावर आलंय. आंबा होता त्या जागी जिन्याची टाकी. काका गॅलरीत कधी उभे राहिले नाहीत. सकाळी उठून स्टेशनवर जायचे, कर्जत लोकल येईपर्यंत बाकावर बसायचे आणि परत यायचे. कुठे जायचं नसायचं त्यांना. एकदा मी विचारलं, "रोज काय बघता?" म्हणाले, "माणसं उतरतात ती." मला ते एका शब्दाने बोलले नाहीत, बाबू. बोलले असते तर मी भांडले तरी असते.

मध्यंतरी गिरणी कामगारांनी मोर्चे काढून सांगितलं की आम्हाला शेलू-वांगणीला घरं नकोत, मुंबईत द्या. त्यांचंही खरंच आहे, त्यांचं आयुष्य गेलं लालबाग-परळात. पण ऐकताना वाटलं, ज्या मातीसाठी काका स्टेशनवर बसायचे, ती कुणाला नकोशी झाली.

इसार घेतला असशील तर परत देऊ. काही पैसे बुडतील, बुडू देत. माझ्या पाटल्या आहेत, ताईला मी विचारलंय. आणि हेही लक्षात ठेव, सात-बाऱ्यावर माझं नाव अजून आहे. दादाने हक्कसोड कधी करून घेतली नाही. मी दोनदा म्हटलं, तर म्हणाला, "राहू दे गं, तुझं नाव असलं तर पाऊसकाळात तू आलीस असं वाटतं." तेव्हा माझ्या सहीवाचून कुणाची इटली इथे उभी राहत नाही.

वरचं वाक्य रागात लिहिलं. खोडणार होते, पण कागद खराब दिसतो.

आज सकाळी परत वाचलं. दादाची आठवण पुढे करून तुला धमकी देते आहे, दुसरं काय. तुझी आई आजारी, मुलीची बारावी, वाडीतून वर्षाला किती येतं ते तुला माहीत. मी इथे पेन्शन घेऊन पोफळी मोजते. तू लहान असताना मी माहेरी आले की पोफळीची पडलेली विरी घेऊन यायचास, तिच्यावर बसायचास आणि मी विहिरीपासून पाखाडीपर्यंत ओढत न्यायचे. 'जोरात, आत्या, जोरात.' माझ्या तळहाताला त्या देठाचा घट्टा पडायचा. काल जाऊबाई 'विहिरीपासून पाखाडीपर्यंत' म्हणाल्या तेव्हा मला आधी दगड नाही दिसले, तू दिसलास.

बांधाचीच मोजणी असेल तर हे पत्र चुलीत घाल आणि वहिनीला सांगू नकोस.

नसेल, तर मी सही करीन. कागद घेऊन इकडे धावू नकोस, मीच येईन. सहीच्या आदल्या दिवशी येते. खोपोली, पेण, अलिबाग, एसटी बदलत बदलत संध्याकाळ होईल, तेव्हा रेवदंड्याच्या थांब्यावर उभा राहा. रात्री मला ओटीवर झोपू दे, डास चावले तरी चालतील. सकाळी आपण अलिबागला जाऊ. तिथल्या रजिस्टर ऑफिसला जिना आहे ना? उजवा गुडघा जास्त दुखतो, तेव्हा त्या बाजूने हात धर.

तुझी,
आत्या