जिममधून समुपदेशनाकडे

प्रश्न : पुण्याच्या बुधवार पेठेतल्या जिममध्ये मी ट्रेनर आहे. लोक व्यायामापेक्षा मनातलंच जास्त बोलतात. मला समुपदेशक होता येईल का?

उत्तर : जरूर. स्वामी कुवलयानंद आधी बडोद्याला व्यायामगुरू माणिकरावांच्या आखाड्यात घडले, मग योगाकडे वळले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापून आसन-प्राणायाम प्रयोगशाळेत तपासले. तुमचीही वाट अशीच, व्यायामाकडून मनाकडे जाणारी आहे. ताणाखाली खांदे चढतात, श्वास उथळ होतो. तुमच्या नजरेला ते आधीच दिसतं. ही मोठी शिदोरी आहे. पण आपुलकीनं ऐकणं म्हणजे उपचार नव्हे. मानसशास्त्रात एमए करा (पुस्तकांना अप्पा बळवंत चौक हाकेवर आहेच), मग अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली काम करा. आत्महत्येचे विचार कानावर आले, तर लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक जिमच्या फळ्यावर आजच लिहा.