पुडीत काय होतं?

हायस्कूलमध्ये २८ वर्षं विज्ञान शिकवलं. अंगात येणं, ताईत, गंडेदोरे, कशावरच माझा विश्वास नाही. गुडघ्यांनी जिना नकोसा केला तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी झीज सांगितली. वजन कमी करा, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करा, गुण यायला तीन महिने लागतील, असं ते म्हणाले. व्यायाम मी जेमतेम दोन आठवडे केले.

मोठ्या नणंदेचं एकच पालुपद होतं, "तुझा विश्वास नसू दे. एकदा घेऊन तर बघ." आठवडी बाजाराच्या गावी एकजण सांधेदुखीच्या पुड्या द्यायचा. रद्दी कागदाची घडी, आत करड्या रंगाची पूड, जिभेवर टेकताच कडूजहर. कोमट पाण्याबरोबर सकाळ-संध्याकाळ. कशाची आहे विचारलं, तर "जंगली मुळ्या" एवढंच उत्तर मिळालं.

तिसऱ्या दिवशी मी कठड्याला हात न लावता जिना चढले. वर पोचले आणि डोळ्यांत पाणी आलं. सडकून भूक लागायची, झोप कमी होऊनही अंगात तरतरी असायची. त्या दिवसापासून मी शंका घेणं सोडलं. गुण आला यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा, असं मला वाटलं. खरं तर तिथेच दचकायला हवं होतं. झिजलेला गुडघा तीन दिवसांत हलका होतो, तेव्हा त्या पुडीत काहीतरी जबरदस्त असतं. फिलिप हेंच यांनी १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन टोचलं, तेव्हा जवळजवळ अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली होती. दोन वर्षांनी या कामाला नोबेल मिळालं. त्याच जातीची स्टेरॉइडं आज कुटून मुळ्यांच्या नावाखाली विकली जातात.

चौथ्या महिन्यात चेहरा गोल झाला, ब्लाउज दंडात रुतू लागले, उपाशीपोटीची साखर १८६ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे?" मी नाही म्हणाले. वर्गात भोंदूगिरीवर बोलणारी बाई पुड्या खाते, हे तोंडातून निघेना. घरी येऊन, कुणाला न सांगता, पुड्या एका दिवसात बंद केल्या.

पाचव्या सकाळी भाकरी थापताना हात गळून गेले. उलट्या सुरू झाल्या, परातीजवळच खाली बसले. दवाखान्यात रक्तदाब ८०/५० भरला. तेव्हा कुठे मी खरं सांगितलं. सकाळी आठच्या रक्तात कॉर्टिसॉल जवळपास नव्हतंच. मूत्रपिंडांवरच्या दोन छोट्या ग्रंथी ते बनवतात. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की त्यांचं काम थंडावतं, आणि पुरवठा अचानक तुटला तर त्या लगेच जाग्या होत नाहीत. मग डॉक्टरांनीच मला स्टेरॉइडची गोळी सुरू केली. मोजून, लिहून. ती उतरवत बंद करायला सात महिने गेले.

म्हणून कळकळीने सांगते. गुण येतो का, हे नंतर विचारा. आधी विचारा, यात काय आहे? आयुर्वेदिक औषध असलं तरी त्यावर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटक छापलेले असावे लागतात. कोऱ्या पुडीवर यातलं काहीच नसतं. घेतच असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. पुडी सोबत न्या, किती दिवस घेतली ते सांगा. चेहरा सुजणं, साखर वाढणं, अंगावर पटकन काळेनिळे डाग उठणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जायला थांबू नका. मात्र माझ्यासारखं एका दिवसात बंद करू नका. त्यानेच जीव जायची वेळ आली होती.

दवाखान्यातूनच रात्री नणंदेला फोन लावला. त्या दोन वर्षं पुड्या घेत होत्या. माझं ऐकून घाबरल्या. "आत्ताच्या आत्ता चुलीत टाकते," म्हणाल्या.

"अक्का, टाकू नका," मी म्हणाले. "सकाळची पुडी घ्या, उरलेल्या पिशवीत भरा आणि दहा वाजता इथे या. डॉक्टरांना सांगून ठेवलंय."