कांदा आणि शेकडेवारी

शेकडेवारीची उदाहरणे सोडविताना ‘याचा पुढे उपयोग काय?’ असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. आपल्या वाळूजच्या भोवताली पिकणारा कांदाच त्याचे उत्तर देईल. भाव पडला म्हणजे कांदा चाळीत सडतो. तोच वाळवून ठेविला तर दीर्घकाळ टिकतो. आपल्या जिल्ह्यात शेतकरी स्त्रिया उन्हावर चालणाऱ्या यंत्रांत भाजीपाला वाळवितात. त्यांस अशी यंत्रे देणाऱ्या एस४एस टेक्नॉलॉजीज या कंपनीस २०२३ साली अर्थशॉट पारितोषिक मिळाले.

आता उदाहरण घेऊ. सोललेल्या १०० किलो कांद्यांत ८७ किलो पाणी आहे. वाळलेल्या मालात पाणी शेकडा ७ राहावे, तर किती पाणी काढावे लागेल? पुष्कळ जण ८७ मधून ७ वजा करून ‘८० किलो’ म्हणतील. ताळा पाहू. ८० किलो पाणी गेल्यावर माल उरला २० किलो; त्यात घनभाग १३ किलो आणि पाणी ७ किलो, म्हणजे शेकडा ३५! असा माल पिशवीत भरला तर त्यास बुरशी येईल व साऱ्या श्रमांची माती होईल.

चूक कोठे झाली? शेकडा ८७ हे ओल्या मालाचे, शेकडा ७ हे वाळलेल्या मालाचे. दोहोंचा पाया निराळा. न बदलणारी गोष्ट एकच, ती म्हणजे १३ किलो घनभाग. वाळलेल्या मालात तो शेकडा ९३ असला पाहिजे. म्हणून मालाचे वजन १३ × १०० ÷ ९३, म्हणजे सुमारे १४ किलो. आणि काढावयाचे पाणी ८६ किलो.

एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. ८६ किलोंस २,०६,४०० किलोज्यूल, म्हणजे विजेची सुमारे ५७ युनिटे लागतील. सूर्य ती फुकट देतो. तिची किंमत घरच्या विजेच्या बिलावरून काढून पाहावी.

पालकांनी घरी मेथी वाळविताना मुलांकडून ती आधी व नंतर तोलवून घ्यावी व किती पाणी गेले ते काढवावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. कमी वाळलेला माल तराजूत जड भरतो आणि पाणीही कांद्याच्या भावाने विकले जाते. गणित जाणणारा अशा ठिकाणी फसत नाही. देवाचे भय बाळगणारा कोणास फसवीत नाही. शाळेतून बाहेर पडताना या दोन्ही गोष्टी तुमच्या ठायी असाव्यात.