छोट्या साखळी करवतीची निवड आणि वापर

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा तालुक्यांत भातशेतीबरोबरच आंबा, काजू, फणस यांची लागवड वरकस जमिनीवर व घराभोवतीच्या परसात आढळते. जुनी हापूसची झाडे उंच व दाट झाल्याने आत सूर्यप्रकाश पोहोचत नाही, रोग-किडी वाढतात आणि फवारणी व काढणी अवघड होते. अशा झाडांची छाटणी करण्यासाठी मजूर वेळेवर मिळत नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने जिल्ह्यात असंख्य झाडे आडवी केली, तेव्हापासून चेन सॉ म्हणजे साखळी करवत बऱ्याच बागायतदारांच्या ओळखीची झाली. मात्र बाजारात अनेक प्रकार असल्याने मोठे ते चांगले असे समजून जड यंत्र घेतले जाते, आणि तेच पुढे अपघाताचे व खर्चाचे कारण ठरते. म्हणून खरेदीपूर्वी पुढील बाबींचा विचार करावा.

कामाची विभागणी

आपल्याकडे कापायच्या फांद्या किती जाडीच्या आहेत, हे प्रथम पाहावे.

१) मनगटापेक्षा बारीक फांद्या, राबासाठीचा टहाळ, करवंद, घाणेरी, रानमोडी यांची झुडपे : यासाठी कोयता, आकडी किंवा हातकरवतच योग्य. बारीक, लवचिक काटक्या साखळीत अडकून कापणाऱ्याच्या अंगावर झेपावतात. झुडपांचे क्षेत्र मोठे असल्यास पाते बसवलेले ब्रश कटर वापरावे.

२) ५ ते १५ सें.मी. जाडीच्या फांद्या : बागेतील छाटणीचे बहुतेक काम याच जाडीचे असते. येथे छोटी साखळी करवत उपयोगी पडते.

३) २५ सें.मी.पेक्षा जाड खोड व पडलेली झाडे : हे काम वर्षातून एखाद्या वेळी निघते. त्यासाठी मोठे यंत्र विकत न घेता माहितगार माणसासह भाड्याने आणावे.

प्रकारांची तुलना

बॅटरीवरील हातकरवत : पट्टी ४ ते ६ इंच, वजन दीड किलोच्या आसपास. आवाज कमी, सुरू करणे सोपे. ७ ते १० सें.मी. फांद्यांसाठी चांगली. बॅटरी लवकर उतरते, म्हणून दोन बॅटऱ्या असाव्यात. वजन कमी असले तरी धोका कमी नसतो. एका हाताने धरण्याच्या सवयीमुळे दुसऱ्या हाताला इजा होऊ शकते.

विजेवरील करवत : पट्टी साधारण १६ इंच. इंधन लागत नाही व देखभाल कमी. घराजवळील वाडीत चालते. परंतु वायर बागेत दूरवर नेता येत नाही व ओल्या जमिनीवर शॉकचा धोका असतो. शिवाय वादळानंतर गरज सर्वांत जास्त असते, तेव्हाच वीज नसते. निसर्ग वादळानंतर कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती.

पेट्रोलवरील लहान करवत : २५ ते ३५ सी.सी., पट्टी १० ते १४ इंच, वजन सुमारे ३ ते ५ किलो. डोंगरउतारावरील बागेसाठी हीच सोयीची. वरच्या बाजूला मूठ असलेले २५ सी.सी.चे यंत्र झाडावर चढून काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसासाठी बनवलेले असते. नवख्याने मागील मूठ असलेले यंत्रच घ्यावे.

पेट्रोलवरील मोठी करवत : ५२ ते ५८ सी.सी., वजन ६ ते ७ किलो. किमतीत लहान यंत्राच्या जवळपास मिळते म्हणून मोह होतो. पण छाटणीत हात लवकर थकतो आणि थकलेल्या हाताने यंत्र आवरत नाही.

थोडक्यात, पेण-रोह्यातील मध्यम बागेसाठी ३५ सी.सी.पर्यंतचे पेट्रोल यंत्र व जोडीला लांब दांड्याची हातकरवत पुरेशी आहे. कलमे लहान असल्यास बॅटरीची करवत घ्यावी. साखळी, पट्टी, स्पार्क प्लग व दुरुस्ती तालुक्याच्या ठिकाणी मिळते का, याची खात्री करूनच यंत्र निवडावे.

वापरताना घ्यावयाची काळजी

१) पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागल्यास यंत्र क्षणात कापणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. म्हणून टोकाने कापू नये. यंत्र दोन्ही हातांनी धरावे व खांद्याच्या वर नेऊ नये.

२) शिडीवर उभे राहून यंत्र चालवू नये. उंचावरील फांदी जमिनीवरून लांब दांड्याच्या करवतीने कापावी.

३) चष्मा, हेल्मेट, जाड बूट व कानाला संरक्षण वापरावे. लुंगी, सैल सदरा व गळ्यातील उपरणे टाळावे.

४) विजेच्या तारेजवळील फांदी स्वतः कापू नये. महावितरणला कळवावे.

फांदी कशी कापावी

जड फांदी एकाच घावात कापल्यास ती तुटताना खोडाची साल सोलून नेते. खोडापासून एक ते दीड फुटावर खालून पाव भाग कापावा. त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदी पाडावी. शेवटी उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कडेलगत, ती कड न दुखावता कापावा. जोराच्या पावसात मोठे घाव करू नयेत. जखमेवर लगेच १० टक्के बोर्डो पेस्ट (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी) लावावी. ताज्या जखमांकडे खोडकिडा आकर्षित होतो, म्हणून पुढील काही महिने खोडाची पाहणी करावी व भुसा दिसताच उपाय करावा.

देखभाल

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑईल माहितीपुस्तिकेप्रमाणेच मिसळावे. १:५० प्रमाणासाठी १ लिटरला २० मि.लि., तर १:२५ साठी ४० मि.लि. ऑईल लागते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते व ते दमट हवेतील पाणी शोषते. म्हणून लागेल तेवढेच मिश्रण करावे आणि पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करावी. साखळीचे ऑईल वेगळे असते, ते प्रत्येक वेळी इंधनासोबत भरावे. कापताना भुग्याऐवजी पीठ पडू लागले, की साखळी बोथट झाली असे समजावे. ३/८ इंच लो प्रोफाइल साखळीस ४ मि.मी., तर ०.३२५ इंच साखळीस ४.८ मि.मी. गोल कानस वापरावी.

कायद्याची बाजू

महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, साग, खैर, ऐन, किंजळ ही आपल्याकडील झाडे आहेत. छाटणीचे निमित्त करून ती तोडू नयेत. तोडणे आवश्यक असल्यास वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी. पेणच्या खारेपाटात बांधांवरील झुडपे काढताना खारफुटीला हात लावू नये. तिला याच कायद्याचे व मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाचे संरक्षण आहे.

गावातील चार-पाच बागायतदारांनी मिळून एक यंत्र घेतल्यास आणि ते चालविण्यासाठी एक-दोन तरुणांना प्रशिक्षण दिल्यास खर्च विभागला जाईल, यंत्र जाणत्या हातात राहील आणि जुन्या बागांची छाटणी वेळेवर होऊन उत्पादनात सुधारणा होण्यास मदत होईल.