वर्ध्याचा उन्हाळा आणि खिडकीतला कूलर

कूलर घर थंड करतो तो पाण्याच्या वाफेच्या जोरावर. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून आत ओढली जाते, ताटीतले पाणी त्या हवेत विरते आणि विरताना हवेची उष्णता शोषून घेते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 580 किलोकॅलरी उष्णता लागते. घामाने शरीर थंड होते तेही याच तत्त्वावर. म्हणून हवा जितकी कोरडी, तितका कूलरचा उपयोग जास्त. समुद्रकाठच्या मुंबईत जे यंत्र जवळजवळ निरुपयोगी ठरते, ते वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या भागांत घरोघरी दिसते, त्याचे कारण हेच. मे महिन्याच्या दुपारी पारा 44 अंश सेल्सिअसवर आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता 15 टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगल्या ताटीचा कूलर खोलीत 28 अंशांच्या जवळपासची हवा सोडू शकतो. त्या तापमानात म्हातारे माणूस दुपार सुखरूप काढू शकते.

सेवाग्रामच्या बापू कुटीत मातीच्या जाड भिंती, वर कवेलू आणि सभोवती पडवी आहे. अशा बांधणीत उन्हाची धग सावकाश आत शिरते. आजच्या वस्त्यांमधल्या टिनाच्या खोल्या आणि वरच्या मजल्यावरची उघडी स्लॅब यांचे तसे नाही. टिन दहा मिनिटांत तापते. स्लॅब दिवसभर तापते आणि रात्री बारापर्यंत ती धग खाली सोडत राहते. अशा घरात कूलर ही चैन नसून आरोग्याची गरज आहे, विशेषतः घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण, तान्हे बाळ किंवा गरोदर स्त्री असेल तेव्हा. छताला बाहेरून चुना मारला किंवा टिनावर तुऱ्हाट्या, पालापाचोळा आणि जुनी पोती टाकली, तर कूलरचे काम निम्मे हलके होते.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे कूलर लावून दारे-खिडक्या गच्च बंद करणे. एसीसाठी हा नियम बरोबर आहे, कूलरसाठी तो उलटा आहे. कूलर सतत ओलसर हवा आत ढकलत असतो. तिला बाहेर जायला वाट नसेल, तर तासाभरात खोली दमट होते, ताटीतले पाणी उडेनासे होते आणि पंखा फक्त चिकट हवा फिरवत राहतो. कूलर खिडकीबाहेर, शक्यतो सावलीच्या बाजूला असावा आणि त्याच्या समोरच्या भिंतीतली खिडकी किंवा दार वीतभर उघडे असावे. कूलर खोलीच्या आत ठेवला, तर तो खोलीतलीच दमट हवा पुन्हा पुन्हा ओढतो. दम्याच्या रुग्णाला अशा खोलीत रात्री त्रास वाढतो.

ताटीचेही तसेच. लाकडाच्या भुशाच्या किंवा वाळ्याच्या ताट्या दर मोसमात बदलाव्यात. वर्ध्याच्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरिंगचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. त्यातले क्षार ताटीवर पांढऱ्या पापुद्र्यासारखे बसतात आणि हवेची वाट अडवतात. मागच्या वर्षीची कुजकट वासाची ताटी तशीच वापरली, तर बुरशीचे कण थेट झोपणाऱ्याच्या नाकात जातात. शिंका, चोंदलेले नाक, सकाळचा खोकला यांसाठी औषधे घेत बसण्याआधी ताटी तपासलेली बरी. बाळाच्या अंगावर कूलरचा थेट झोत नको. ओले झालेले लंगोट आणि पांघरूण लगेच बदलावे, एवढे पथ्य पुरते.

कूलरलाही मर्यादा आहे आणि ती नेमकी नवतपा संपता संपता समोर येते. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ढग येतात, पारा 38 वर उतरतो, पण आर्द्रता 50 टक्क्यांच्या वर जाते. आता तोच कूलर जेमतेम 32 अंशांची आणि चिंब हवा देतो. घाम वाळत नाही. तापमान उतरले म्हणून घरचे निश्चिंत होतात, प्रत्यक्षात म्हाताऱ्या माणसांसाठी हे दिवस मे महिन्याइतकेच कठीण असतात. अशा वेळी कूलरचा पाण्याचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवावा आणि अंग ओल्या कपड्याने वारंवार पुसावे. याउलट ऐन मे महिन्यात दुपारी नळाला पाणी नसेल आणि खोलीचे तापमान 40 च्या वर गेले असेल, तर कोरडा कूलर किंवा छताचा पंखा अंगावर घेणे हिताचे नाही. त्या तापमानाला पंखा शरीराला उलट गरम हवा देतो. पंखा लावायचाच तर आधी अंग किंवा अंगावरची चादर ओली हवी.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मानसिक आजारावरची काही औषधे, बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांना उष्णतेचा त्रास लवकर होतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. मात्र मार्चमध्येच डॉक्टरांना दाखवून मात्रा तपासून घ्यावी.

ऊन लागणे आणि उष्माघात यांत फरक आहे. ऊन लागलेल्या माणसाला थकवा, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे असा त्रास होतो; तो शुद्धीवर असतो, नीट बोलतो. सावली, पाणी, ताक, मीठ-साखर घातलेले पन्हे आणि विश्रांती यांनी तो दोन तासांत सावरतो. घरी जलसंजीवनी करायची तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, याहून मीठ जास्त नको. उष्माघातात शरीराचे तापमान 40 अंश सेल्सिअस, म्हणजे 104 फॅरनहाइटच्या वर गेलेले असते आणि मेंदूवर परिणाम झालेला असतो. माणूस असंबद्ध बडबडतो, ओळखत नाही, तोल जातो, झटके येतात किंवा बेशुद्ध पडतो. कातडी कोरडी असेलच असे नाही. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्याला उष्माघातातही दरदरून घाम असू शकतो. तापाची पॅरासिटामॉलची गोळी इथे काम करत नाही.

इथे मिनिटे मोजावी लागतात आणि इथेच ‘सर्द-गर्म होईल’ ही समजूत जीवघेणी ठरते. उन्हातून आलेल्याला एकदम गार पाणी लागले तर तो आजारी पडतो, असे मानून घरचे लोक रुग्णाला आधी अर्धा तास तसाच बसवून ठेवतात. तो अर्धा तास मेंदू, यकृत आणि मूत्रपिंड यांचे नुकसान करतो. 108 ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत थांबू नये. कपडे सैल करून किंवा काढून सर्वांगावर पाणी ओतावे आणि रुग्णाला चालू कूलरच्या झोतात झोपवावे. ओले अंग आणि कोरड्या उन्हाळ्यातला वारा हा घरच्या घरी मिळणारा अतिशय परिणामकारक उपाय आहे. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून काखेत, मानेला आणि जांघेत ठेवावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय यांपैकी जे जवळ असेल तिथे न्यावे, आणि वाटेतही अंग ओले ठेवावे. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेल्या कांद्याने काही बिघडत नाही, काही साधतही नाही.

खुद्द कूलरचा एक धोका विजेचा आहे. लोखंडी पत्र्याची पेटी, तळाशी पाणी, त्यात बुडालेला पंप, खाली ओली फरशी आणि अनवाणी माणूस, अशी जुळणी घरातल्या दुसऱ्या कोणत्याही यंत्रात नसते. आठ महिने बंद पडून असलेल्या कूलरच्या वायरीचे आवरण उंदरांनी कुरतडलेले किंवा तडकलेले असते. ते डोळ्यांना दिसत नाही, कारण वायर पंपापाशी, आत असते. मोसमात पहिल्यांदा कूलर वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय लावू नये. प्लग तीन पिनांचा हवा, आणि तिसऱ्या पिनेला खरोखर अर्थिंग हवे. बऱ्याच जुन्या घरांत बोर्डाला तीन भोके असतात, पण तिसऱ्यामागे तारच नसते. मीटरजवळ 30 मिलीअँपिअरचे ईएलसीबी बसवले, तर करंट अंगातून वाहू लागताच क्षणार्धात वीज तुटते. त्याचा खर्च एका मध्यम कूलरच्या किमतीपेक्षा बराच कमी आहे.

पाणी भरताना बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढावा. चुकीच्या जोडणीत बटण बंद असूनही पेटीत वीज राहते. फायबरच्या पेटीलाही हा नियम लागू आहे, कारण तिथे पाण्यातच करंट उतरतो. पाइप लावून कूलर भरायला मुलांना पाठवू नये. कोणाला करंट लागून तो चिकटला असेल, तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच पाडावा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, पाच ते सहा सेंटीमीटर खोल दाब देत राहावे. शुद्धीवर आलेल्या रुग्णाचाही ईसीजी काढून घ्यावा. विजेचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर काही तासांनंतरही दिसू शकतो.

पाऊस सुरू झाला की कूलर बंद होतो, पण बहुतेक घरांत तो खिडकीतच राहतो. तळाशी चार बोटे पाणी असते. दोन दिवस उकाडा, तीन दिवस झड, पुन्हा उकाडा, असे चालते म्हणून तो काढायचा कंटाळा केला जातो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला यापेक्षा सोयीची जागा नाही. हा डास गटाराच्या घाण पाण्यात सहसा अंडी घालत नाही. त्याला घरातले स्वच्छ, सावलीतले, न हलणारे पाणी लागते. पावसाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात तो या हिशेबाने. नुसते पाणी ओतून देणे मात्र फसवे आहे. मादी अंडी पाण्यावर न घालता पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, पेटीच्या भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागताच फुटतात. म्हणून पेटीच्या आतल्या बाजू काथ्याने किंवा तारेच्या घासणीने खरडून, पुसून उन्हात वाळवाव्या लागतात. रॉकेल किंवा फिनाइल ओतून कूलर चालवणे तर नकोच. त्याची वाफ सगळी खोलीत येते. मोसम संपल्यावर ताट्या काढून टाकाव्या, पेटी खरडून वाळवावी आणि पालथी किंवा झाकून ठेवावी. दिवसाआड येणारे नळाचे पाणी साठवायचे ड्रम, रांजण, फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे, छतावरची फुटकी बादली यांचीही तीच तपासणी हवी.

एडिस फार लांब उडत नाही. फार तर काहीशे मीटर. म्हणजे एका घरात डेंग्यू निघाला की डास बहुधा त्याच घरात किंवा शेजारच्या चार घरांतच जन्मलेला असतो. वर्धा शहरालगत सिंदी मेघे, बोरगाव मेघे, नालवाडी या ग्रामपंचायती आहेत आणि कित्येक ठिकाणी रस्त्याच्या एका बाजूला नगरपरिषद तर दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायत, अशी स्थिती आहे. डासांना ही हद्द कळत नाही. धूरफवारणीची गाडी आली की लोकांचे समाधान होते; पण धुराने उडणारे डास तेवढे मरतात, अळ्या आणि अंडी तशीच राहतात.

सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा होतो त्या सुमारापासून दिवाळीपर्यंत ताप अंगावर काढू नये. डेंग्यूत अचानक जोराचा ताप, डोळ्यांमागे दुखणे, हाडे मोडल्यासारखी कळ आणि पुढे अंगावर पुरळ येते. पहिल्या पाच दिवसांत एनएस-1 आणि त्यानंतर आयजीएम ही तपासणी उपयोगी पडते. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांनी रक्तस्राव वाढतो आणि ‘एक सुई लावून द्या’ असा आग्रह धरून घेतलेले कमरेतले इंजेक्शन तिथे रक्त साकळवू शकते. खरा धोका तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरत असताना असतो. पोटात तीव्र दुखणे, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, सुस्ती किंवा बेचैनी, लघवी कमी होणे यांपैकी एकही दिसले तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. प्लेटलेटच्या आकड्याची धास्ती मोठी असते, पण रक्तस्राव नसेल तर आकडा 10,000 च्या खाली जाईपर्यंत बहुतेक रुग्णांना प्लेटलेट चढवाव्या लागत नाहीत. त्यापेक्षा रक्त किती घट्ट झाले आहे आणि नाडी कशी आहे हे डॉक्टर पाहतात. त्या हंगामात बकरीच्या दुधाचा आणि ड्रॅगन फ्रूटचा भाव वाढतो, त्यातून रुग्णापेक्षा विक्रेत्याचे भले जास्त होते. पाणी, पेज, वरणाचे पाणी, नारळपाणी थोडे थोडे सतत देणे हाच खरा उपचार.

प्लेटलेट कमी दिसल्या म्हणजे डेंग्यूच, असेही नाही. 2018 च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण निघाले. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने तो होतो, त्यातही प्लेटलेट उतरतात. काखेत, जांघेत किंवा पोटावर सिगारेटच्या चटक्यासारखी काळी, न दुखणारी खपली दिसली तर ती डॉक्टरांना दाखवावी. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध त्यावर वेळेत दिले तर दोन-तीन दिवसांत ताप उतरतो.

डेंग्यूच्या रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे, कारण एडिस दिवसा चावतो आणि तापाच्या पहिल्या पाच दिवसांत त्याच रुग्णाचे रक्त पिऊन विषाणू शेजारच्या घरी नेतो. त्याच दिवशी आशा ताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवले, तर आसपासच्या घरांतले कूलर आणि ड्रम तपासायला माणसे येतात.