पाय दुखत नाहीत? मग नीट बघा

मधुमेहात पाय दुखत नाहीत म्हणजे ते ठणठणीत आहेत, हा समज मला दुखण्याहून घातक वाटतो. अंगठ्याला झालेल्या स्पर्शाची खबर नेणारी चेतापेशी असते कमरेच्या मणक्याजवळ. तिथून अंगठ्यापर्यंत तिचा तंतू जवळजवळ एक मीटर लांब. त्याला लागणारी बहुतेक प्रथिनं त्या इवल्याशा पेशीतच तयार होतात, आणि त्यांतली काही दिवसाला जेमतेम काही मिलिमीटर सरकत टोकाला पोचतात. वाढलेली साखर तंतूचं आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांचं नुकसान करते, तेव्हा आधी मरतं ते सर्वांत लांबचं टोक. म्हणूनच बधिरपणा बोटांपासून सुरू होतो आणि दोन्ही पायांत मोज्यासारखा वर चढतो. (एकाच पायाला मुंग्या येत असतील तर आधी कंबर तपासायला हवी.)

‘पूर्वी तळव्यांची आग व्हायची, आता थांबली,’ असं समाधानानं सांगितलं जातं. साखर आटोक्यात आल्यानं आग कमी होऊ शकते, हे खरं. पण वेदना नेणारे तंतूच संपले तरी ती थांबते. चप्पल पायातून निसटली तरी कळत नसेल, तर ते समाधान फसवं आहे. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवलं होतं: रुग्णांची बोटं आपोआप सडून झडत नव्हती, तर न जाणवलेल्या चटक्यांनी आणि जखमांनी झिजत होती. मधुमेही पायाचंही तसंच होतं. खडा टोचतो, माणूस दिवसभर त्यावरच चालतो, आणि संध्याकाळी मोज्याला डाग दिसतो.

‘साखर तर नॉर्मल आहे’ हेही पुरेसं उत्तर नाही. टाइप २ मधुमेहात निदानाआधी काही वर्षं साखर गुपचूप वाढलेली असू शकते, त्यामुळे काहींच्या नसा निदानाच्या दिवशीच बिघडलेल्या सापडतात. शिवाय वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, शाकाहारी माणसात तर अधिकच. त्या कमतरतेनंही नसा बिघडतात. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना बी-१२ तपासायला सांगा. वर्षातून एकदा पायांची तपासणी मागून घ्या: दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवतात, कंप पावणारा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) अंगठ्याच्या हाडावर ठेवतात. दोन मिनिटांचं काम. घरी रोज रात्री तळव्याखाली आरसा धरा, बोटांच्या बेचक्या बघा, आणि पाय गार पडले तरी गरम पाण्याची पिशवी लावू नका.